सिडनीतला पहिला दिवस: विमानातून उतरलेल्या माणसांना कुठे न्यायचं, कधी झोपवायचं

सिडनीच्या विमानतळावर रात्री अकरा ते सकाळी सहा, एखाददुसरा अपवाद सोडला तर, विमानं उतरू देत नाहीत. आजूबाजूच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून तसा कायदाच आहे. त्यामुळे रात्रभर उडत आलेली विमानं सहानंतर एकामागून एक खाली येतात आणि आपली माणसं नेमकी त्या गर्दीत सापडतात. आपण सातपासून बाहेर उभे असतो आणि ती बाहेर येतात आठ-साडेआठला. डोळे लाल, साडी चुरगळलेली, आणि आल्या आल्या एकच वाक्य, "आम्ही अजिबात दमलो नाही गं, चल, कुठे जायचं?"

या वाक्यावर विश्वास ठेवू नका. मी २०११ साली ठेवला होता.

आई-बाबा तेव्हा कराडहून पहिल्यांदाच आले होते. डिसेंबर महिना. सामान घरी टाकलं, आंघोळी उरकल्या आणि मी दोघांना थेट बाँडाय बीचवर नेलं. तिथून कूजीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने सहा किलोमीटरची पायवाट आहे. मला ती वाट इतकी आवडते की कधी एकदा यांना दाखवते असं झालं होतं. पण त्या वाटेवर चढउतार आहेत, पायऱ्या आहेत, आणि सावली फार कमी. ब्राँटीला पोचेपर्यंत आईच्या सँडलचा पट्टा सुजलेल्या पायात रुतला होता. बाबा बाकावर टेकले आणि बसल्याबसल्या झोपले. दुपारचा एक वाजलेला, डोक्यावर टोपी नाही. संध्याकाळपर्यंत त्यांचं कपाळ आणि नाकाचा शेंडा लालबुंद. रात्री दीडला उठून बघते तर दोघं स्वयंपाकघरात टक्क जागी, चहा ठेवलेला. पुढचे पाच दिवस हेच चाललं होतं.

मी नर्स आहे. वर्षानुवर्षं रात्रपाळ्या करते. झोपेचं घड्याळ कसं चालतं हे मला माहीत होतं, तरी आनंदाच्या भरात मी ते बाजूला ठेवलं. त्यानंतर सासू-सासरे आले, मामा-मामी आले, नणंद मुलांना घेऊन आली, बाबा-आई आणखी दोनदा आले. दर वेळी पहिला दिवस मी आखला आणि दर वेळी थोडा सुधारला. आता तो ठरून गेलाय. तुमच्याकडे कोणी येणार असेल, किंवा तुम्हीच पहिल्यांदा येत असाल, तर हा दिवस असाच्या असा वापरा.

आधी घड्याळाचं सांगते, कारण बाकी सगळं त्यावर बेतलेलं आहे. सिडनी भारताच्या साडेचार तास पुढे आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत इथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हा साडेपाच तास. म्हणजे सकाळी सातला उतरलेल्या माणसाच्या शरीरात रात्रीचे दीड किंवा अडीच वाजलेले असतात. आपल्या शरीराचं तापमान रोज पहाटे चारच्या आसपास सगळ्यात खाली जातं. भारताचे पहाटेचे चार म्हणजे इथले साडेआठ-साडेनऊ. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने शरीराचं घड्याळ सरकतं, पण कोणत्या दिशेला सरकायचं ते या वेळेवर ठरतं. तळ गाठायच्या आधी लख्ख उजेड मिळाला तर घड्याळ मागे जातं, नंतर मिळाला तर पुढे. पूर्वेला आलेल्या माणसाचं घड्याळ पुढे जायला हवं. म्हणून "उतरल्या उतरल्या उन्हात न्या" हा सगळीकडे मिळणारा सल्ला इथे नीट लागू पडत नाही. भारतातून सिडनीला आलेल्या माणसाला उजेड हवा तो दहानंतर. त्याआधी गॉगल लावा, घरी न्या, पडदे ओढा.

विमानतळावरची एक गोष्ट मात्र घरून निघतानाच फोनवर बजावून ठेवा. विमानात हातात एक कार्ड देतात, त्यावर खाण्याच्या वस्तूंबद्दल विचारलेलं असतं. काहीही खाण्याचं असेल तर "होय"वर खूण करायची. लोणचं असो, मसाला असो, सुपारी असो. सांगितलं आणि ती वस्तू चालत नसली तर काढून घेतात, विषय संपतो. लपवलं आणि सापडलं तर जागेवर मोठा दंड होतो. भारतात जनावरांचा लाळ-खुरकूत रोग असल्यामुळे पेढे, बर्फी अशी दुधाची मिठाई चालत नाही, कढीपत्त्याची ताजी पानंही नाहीत. माझ्या मामीचे साताऱ्याचे कंदी पेढे तिथेच राहिले. तिला फार लागलं ते मनाला. आधी सांगितलं असतं तर तिने आणलेच नसते.

गाडी नसेल तर विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून शहर जेमतेम आठ किलोमीटर, बंदराच्या धक्क्यावरच्या 'सर्क्युलर की' स्टेशनपर्यंत साधारण वीस मिनिटं. विमानतळाच्या स्टेशनचं वेगळं शुल्क लागतं, आणि ते माणशी लागतं, म्हणून चारजण असाल तर टॅक्सीचा हिशेब जवळपास तितकाच येतो. ट्रेन, बस, फेरी बोट या सगळ्यांना ओपल कार्ड चालतं किंवा टॅप होणारं कुठलंही बँकेचं कार्ड चालतं. चढताना टॅप, उतरताना टॅप. एकाच कार्डावर दोघांना जाता येत नाही, ज्याचं त्याचं वेगळं कार्ड हवं. आई-बाबांसाठी मी आधीच दोन ओपल कार्डं भरून पर्समध्ये ठेवते.

घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपभर दूध नाहीतर बिनसाखरेचा कोरा चहा, आणि झोप. हो, झोप. "झोपू देऊच नका" म्हणणारे खूप भेटतील. विमानात बसून काढलेली रात्र ही झोप नव्हेच, आणि साठी उलटलेल्या माणसाला तशाच अवस्थेत रस्ता ओलांडायला लावणं मला पटत नाही. फक्त गजर लावायचा. दीड तास, एक मिनिट जास्त नाही. मी स्वतः रात्रपाळीहून आल्यावर, पुढची रात्र मोकळी असेल तर, तेवढंच झोपते. उठवताना ती माणसं वैतागतात. आई तर म्हणाली होती, "नको मला तुझं सिडनी." पडदे उघडायचे, चेहऱ्यावर ओला टॉवेल द्यायचा, दहा मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो. हॉटेलात उतरलात तर खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही बहुतेक. तेव्हा सामान काउंटरवर ठेवा आणि लॉबीत अर्धा तास डोळे मिटून बसा, तेवढंही चालतं.

पायात काय घालायचं? सैल, पट्टा कमी-जास्त करता येणारी सँडल. सहलीसाठी घेतलेले नवे बूट आज नाही. विमानात तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले की घोट्यांशी पाणी साठतं, दोन्ही पाय सारखेच सुजतात, आणि चालल्याने दिवसभरात उतरतं. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली, किंवा दम लागायला लागला, तर फिरणं रद्द करून सरळ डॉक्टरकडे. रक्ताची गुठळी असू शकते. दम लागला तर वाट बघू नका, ०००ला, म्हणजे इथल्या तातडीच्या नंबरला, फोन करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर पहिल्या दिवसाच्या वेळा निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, विमानातून उतरल्यावर हिशेब करत बसू नका.

उन्हाचं मी जरा रागावूनच सांगते. "आम्ही काय उन्हातलीच माणसं" असं प्रत्येकजण म्हणतो. इथल्या उन्हाळ्यात अतिनील किरणांचा निर्देशांक अकराच्याही वर जातो, आणि समुद्रावरच्या गार वाऱ्यात कातडी भाजतेय हे कळतच नाही. निघायच्या वीस मिनिटं आधी एसपीएफ पन्नासचं सनस्क्रीन, कान आणि मानेची मागची बाजूसुद्धा. कडा असलेली टोपी हवी, क्रिकेटवाली नको. पाण्याची बाटली घ्या, नळाचं पाणी कुठेही बिनधास्त भरा.

आता फिरायला. अकराच्या सुमाराला निघा आणि सर्क्युलर कीला ट्रेनने या, गाडीने नको. कारण हे स्टेशन उंचावर आहे आणि फलाटावरूनच समोर बंदर दिसतं. ट्रेनचं दार उघडतं, माणूस खाली उतरतो, आणि डावीकडे हार्बर ब्रिज हा पूल, मध्ये पाणी, हिरव्या-पिवळ्या बोटी. माझे सासरे तिथेच थबकले होते. मागच्या लोकांना जाऊ दिलं आणि मी त्यांना पाच मिनिटं तिथेच उभं राहू दिलं. जिना उतरायची घाई करू नका.

खाली उतरलात की धक्क्याच्या कडेने सपाट रस्त्याने दहा मिनिटांत ऑपेरा हाऊस. वाटेत लांब चोचीचे पांढरे पक्षी पायात पायात फिरतात. बाबांनी बघताक्षणी ओळखलं, "अरे, हा तर आपला शराटी!" तो नव्हे, पण त्याचाच जवळचा भाऊबंद. अशा ओळखीच्या गोष्टीने पहिल्या दिवशी माणूस सैलावतो.

ऑपेरा हाऊसची आतली फेरी आज नको. तासभर अंधाऱ्या सभागृहात मऊ खुर्चीवर बसवलंत तर सगळे झोपतील. ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी करा. आज फक्त बाहेरून, पण जवळ जाऊन. फोटोत छताची ती शिडं पांढरीशुभ्र दिसतात. पायऱ्या चढून वर गेलात की एका जागी शिडाचा उतार पार खाली येतो, हाताला लागतो. तिथे हात ठेवा. कराडच्या घरी मोरीला लावलेल्या फरश्यांवरून हात फिरवून आई खरेदी करते, तसाच तिने इथे फिरवला, आणि म्हणाली, "या दोन तऱ्हेच्या आहेत गं." अगदी बरोबर. एक चकचकीत पांढरी, एक बिनचकाकीची सायीच्या रंगाची. अशा दहा लाखांहून जास्त फरश्या स्वीडनमध्ये भाजून इथे आणल्या. सगळ्या चकचकीत असत्या तर उन्हात डोळे दिपले असते. दोन तऱ्हांमुळे शिडांवर पानाच्या शिरांसारखी नक्षी उमटते आणि ढग सरकला की रंग बदलतो. हे ज्याच्या डोक्यातून आलं तो डेन्मार्कचा वास्तुविशारद योर्न उट्झन. काम सुरू झालं १९५९ साली. सरकारशी वाद विकोपाला गेले आणि १९६६मध्ये तो इथून निघून गेला. १९७३मध्ये इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा तो नव्हता, आणि २००८मध्ये वारला तोवर पूर्ण झालेली इमारत बघायला कधीच आला नाही. हे ऐकल्यावर आईने पुन्हा एकदा हात ठेवला होता.

पायऱ्या चढवत नसतील तर आग्रह नको. खालच्या कट्ट्यावर बसूनही पुरेसं दिसतं. पुलावर चालत जाण्याचा बेतही आज नाही. पूल इथून बघा.

जेवणाचं एक लक्षात घ्या. इथले साडेबारा म्हणजे पोटाचे सकाळचे सात-आठ. पोटाला पोहे हवे असतात आणि आपण थाळी पुढे करतो, मग दोन घास खाऊन ताट सरकवतात आणि आपल्याला वाटतं आवडलं नाही. मी डब्यात थालीपीठ नाहीतर इडल्या नेते, थोडं थोडं दोन-तीनदा खातात. सीगलपासून मात्र सांभाळा, हातातला घास पळवतात.

आणि आता दिवसाचा खरा गाभा, मॅन्ली या समुद्रकाठच्या उपनगराला जाणारी फेरी बोट. लांबून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय दाखवावं याचं माझं उत्तर एवढंच आहे. बसून राहायचं आणि शहराने समोरून सरकायचं. उजेड भरपूर, वारा तोंडावर, पायांना काम नाही, बोटीवर शौचालय आहे, आणि डोळ्यांना झोप येईल असं एकही मिनिट नाही. सर्क्युलर कीच्या तीन नंबरच्या धक्क्यावरून सुटते, तरी फलक बघून घ्या. अर्ध्या तासाचा प्रवास. जाताना उजव्या हाताला, बाहेरच्या बाकावर बसा. ऑपेरा हाऊस तिकडेच येतं, मग फोर्ट डेनिसनचं चिमुकलं बेट, मग बंदराचं तोंड. मोठ्या जुन्या बोटींना दोन्ही टोकं सारखी असतात, त्या वळत नाहीत, आल्या तशाच उलट जातात. त्यामुळे पुढचं टोक कोणतं यावरून लोक गोंधळतात. उजवीकडे बसायचं एवढंच धरून ठेवा, येताना डावीकडे.

साधारण दोन-तृतीयांश वाट गेल्यावर उजवीकडचा डोंगर संपतो आणि दोन कड्यांच्या मधून एकदम मोकळा समुद्र दिसतो. नॉर्थ हेड आणि साउथ हेड. तिथून आत येणारी लाट बोटीला आडवी लागते. बोट काही मिनिटं सावकाश वर-खाली होते, कठड्यावर पाणी उडतं, लहान मुलं ओरडतात. मामीने माझा दंड घट्ट धरला होता आणि तोंडाने रामरक्षा. दुसऱ्यांदा बोट वर गेली तेव्हा मात्र ती हसली. ज्यांना एसटीतसुद्धा उलटी होते त्यांना खालच्या मजल्यावर मधोमध बसवा आणि लांबच्या किनाऱ्याकडे बघायला सांगा. समुद्र फार खवळलेला असेल तर फेऱ्या बंद ठेवतात. अशा दिवशी पॅरामॅटा नदीची फेरी घ्या, ती पुलाखालून आत जाते आणि पाणी शांत असतं.

मॅन्लीला उतरलात की कोर्सो नावाचा पायी चालायचा रस्ता सरळ मोठ्या समुद्रावर नेतो, पाच-सात मिनिटं. किनाऱ्याला ओळीने उंच नॉरफोक पाइनची झाडं आहेत, त्यांच्या सावलीत बसा. चपला काढून वाळूत पाय मोकळे करा, सुजेला बरं वाटतं. पाण्यात पावलं भिजवा, पोहणं आज नाही. झोप अपुरी असताना लाटेचा अंदाज चुकतो, आणि इथे किनाऱ्यावरून आत खेचणारे प्रवाह असतात. पुढे कधी उतरलात तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा, तेवढ्याच भागावर जीवरक्षकांची नजर असते. उजव्या बाजूने शेली बीचकडे सपाट वाट जाते, एक किलोमीटरच्या आसपास. पावलं उचलत असतील तर जा, नसतील तर अर्ध्यातून वळा.

इथे बसलं की बाबांना एक गोष्ट खटकली. भर दुपारी सूर्य उत्तरेला! दक्षिण गोलार्धात तसंच असतं. कराडला पूर्वेकडे तोंड केलं तर डिसेंबरात दुपारचं ऊन उजव्या खांद्यावर येतं, इथे पूर्वेच्या समुद्राकडे तोंड केलं तर डाव्या. दिशा चुकल्यासारखं वाटतं म्हणून ते अस्वस्थ होते, कारण कळल्यावर उलट रंगले.

तीनच्या आसपास झोपेची एक जबर लाट येते. मान पडायला लागते. त्या वेळी बसू नका, कोर्सोवर चालत राहा, एखादी कॉफी घ्या. ही शेवटची कॉफी, चारनंतर नको, तिचा अंमल रात्रीपर्यंत राहतो. अगदीच नाइलाज झाला तर झाडाखाली वीस मिनिटं, मोबाइलच्या गजरासह.

परतीची फेरी ऋतू बघून धरा. जूनमध्ये पाचच्या आधीच सूर्य मावळतो, डिसेंबरात आठच्या पुढे. थंडीत साडेचारच्या सुमाराची बोट धरली की पुलाच्या मागे सूर्य उतरताना दिसतो आणि सर्क्युलर की येईपर्यंत शहरातले दिवे लागलेले असतात. उन्हाळ्यात तेवढं थांबू नका, साडेचार-पाचला निघा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी परतीच्या वाटेवर पुलाची हकीकत सांगते, म्हणजे ते जागे राहतात. दोन्ही काठांकडून लोखंडी कमानीचे दोन अर्धे भाग पुढे पुढे बांधत आणले, मागून पोलादी दोरांनी ताणून धरले, आणि ऑगस्ट १९३०मध्ये मध्यावर जोडले. पूल खुला झाला १९ मार्च १९३२ला. कमान ५०३ मीटर, रिव्हेटी साठ लाख. टोकाचे ते भारदस्त दगडी मनोरे कमानीचा भार घेतच नाहीत, निव्वळ शोभेचे. बाबांचा यावर विश्वास बसेना. बोट धक्क्याला लागेपर्यंत ते हातवारे करून मला भार कुठून कुठे जातो ते समजावत होते, आणि झोपेचं नावही नव्हतं.

घरी सहा-साडेसहा. मऊ भात, वरण, तूप. जड काही नको, शेजाऱ्यांना बोलावू नका, भारतात सगळ्यांना व्हिडिओ कॉल नको. पोचल्याचा एक फोन पुरे. साडेआठला दिवे मंद करा, नऊ-सव्वानऊला अंथरूण. शरीराच्या हिशेबाने तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात, तरीही झोप लागते, कारण दिवसा फक्त दीड तास झोप झाली आहे. रात्री दोन-तीनला जाग आली तर दिवा लावायचा नाही, मोबाइल बघायचा नाही, पडून राहायचं. उशाशी पाणी आणि दोन बिस्किटं ठेवा, भूक लागते. बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा असू द्या, नव्या घरात अंधारात माणसं पडतात.

विमान संध्याकाळी उतरणार असेल तर यातलं काहीच नको. घर, वरण-भात, आणि अकराच्या आत झोप. दुसऱ्या दिवशी वरचा बेत अकरापासून सुरू करा.

दुसऱ्या सकाळी ती माणसं दहापर्यंत उठायची नाहीत, कारण त्यांची पहाट तेव्हाच होते. आठला हळूच उठवा, चहा द्या, नऊपर्यंत आतच बसू द्या, मग पडदे उघडा. बाबांनी दुसऱ्या खेपेला चहाचा पहिला घोट घेतला आणि विचारलं, "त्या मनोऱ्यावर चढता येतं का?" येतं, दोनशे पायऱ्या आहेत. दहा वाजता निघालो.